तांब्याचे भांडे, तुर्की कॉफी आणि कल्हई

मागच्या हिवाळ्यात महाल भागातल्या एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. पिशवीतून त्यांनी लांब दांड्याचे, गळ्याशी निमुळते असे तांब्याचे चिमुकले भांडे काढून टेबलावर ठेवले.

"मुलाने इस्तंबूलहून आणले, डॉक्टरसाहेब. यात कॉफी करते. पण आठ दिवसांपासून कॉफी घेतली की मळमळते. वयामुळे असेल का?"

मी भांड्यात डोकावून पाहिले. बाहेरून ते लखलखीत होते, पण आतला रुपेरी थर तारेच्या घासणीने तळाशी पार निघून गेला होता. उघडे तांबे दिसत होते. तेवढ्यात त्या सहज बोलून गेल्या, "नातीचे दूधही यातच गरम करते. वाटीभर दूध बरोबर मावते."

नात सात महिन्यांची. मी कॉफीचा विषय बाजूला ठेवला आणि बाळाला त्याच दिवशी घेऊन यायला सांगितले.

याचे कारण आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक घातक आजार होत असे. साधारण सहा महिने ते चार वर्षांच्या मुलाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे घट्ट होई आणि बहुतेक मुले दगावत. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले आढळे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी अशा मुलांच्या आहाराची कसून चौकशी केली. अनेक घरांत बाळाला लहानपणीच वरचे दूध सुरू केलेले होते आणि ते तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवले वा साठवले जात होते. हे निष्कर्ष १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

वाचक विचारतील, मग तांब्याच्या गडव्यातले पाणी आपण पितोच की! साध्या पाण्यात तांबे फार थोडे उतरते. दुधाचे तसे नाही. दुधातील प्रथिने तांब्याला धरून ठेवतात. ताक, लिंबू, चिंच यांचा आंबटपणा तर तांबे विरघळवतो. कॉफीही किंचित आम्लधर्मी असते. असे तांबे पोटात गेले की मळमळ, उलटी, पोटात कळ हा त्रास होतो. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते, तान्ह्या बाळाला ते तितके जमत नाही.

म्हणून आपल्या आजीच्या काळी कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघत. तो भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर आतून फिरवीत असे. तुर्की भांड्याच्या आतही हाच थर असतो. कल्हई करून घेताना शुद्ध कथीलच वापरायला सांगावे. शिसे मिसळलेले कथील तांब्याहून वाईट. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून रिकामे भांडे आचेवर ठेवू नये. धुताना मऊ कापड वापरावे, तारेची घासणी नको. थर विटून लालसर तांबे दिसू लागले की वापर थांबवावा. केवळ शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या भांड्यात काहीच उकळू नये.

आता कॉफीची कृती. चिकोरी न मिसळलेली कॉफी मैद्यासारखी बारीक दळून घ्यावी. एका छोट्या कपाला ६०-७० मिलिलिटर थंड पाणी, एक शीगभर चहाचा चमचा कॉफी आणि हवी तर साखर हे सारे आरंभीच भांड्यात घालून ढवळावे. मंद आचेवर ठेवावे आणि मग ढवळू नये. फेस वर चढू लागला की खळखळून उकळी येण्याआधीच उतरवावे. थोडा फेस कपात घ्यावा, भांडे पुन्हा आचेवर धरावे, फेस चढला की ओतावे. दोन-तीन मिनिटांत गाळ तळाशी बसतो. तो पिऊ नये. आपल्या पद्धतीची दूध-जायफळाची कॉफी करायची असेल, तर तिला स्टीलचा गंज बरा.

ही कॉफी गाळली जात नाही, हेही लक्षात ठेवावे. नॉर्वेतील ट्रोम्सो येथे १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल जास्त आढळले. तिथे कॉफी उकळून, न गाळता पीत. कॉफीतील तेलकट द्रव्ये त्याला कारणीभूत असल्याचे पुढे कळले. कागदी गाळणीत ती अडकतात. म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी तुर्की कॉफी रोज न घेता कधीमधी घ्यावी. निरोगी प्रौढाने दिवसभरात सर्व मिळून ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये. गर्भवतीने २०० च्या आत राहावे, आणि हिशेबात चहाही धरावा. कॉफीमुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते. तेव्हा रक्त कमी असलेल्या भगिनींनी जेवण आणि कॉफी यांत निदान तासा-दोन तासांचे अंतर ठेवावे.

त्या आजीबाईंची नात मी तपासली. दूध त्या भांड्यात आठच दिवस तापले होते आणि बाळ ठणठणीत होते. पूर्वीचा तो आजार महिनोन्‌महिने तसे दूध पोटात गेल्याने होई. भांड्याला कल्हई झाली, आजींची मळमळ थांबली आणि बाळाची वाटी स्टीलची आली.

आपल्याही माळ्यावर तांब्या-पितळेची जुनी भांडी असतील. ती जरूर काढा, पण आधी आतून उजेडात पाहा. आणि कल्हई असो वा नसो, तान्ह्या बाळाचे दूध त्यात कधीही तापवू नका.