सारे रिपोर्ट नॉर्मल, तरी मान वळत नाही!

"डॉक्टरसाहेब, सारे म्हणते रिपोर्टात काहीच नाही. मंग मले दुखते कायले जी?"

दर्यापूरकडून आलेल्या चाळिशीच्या एका बाईंनी हा प्रश्न विचारला आणि सोबतची कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. पिशवीत मानेचे तीन एक्स-रे, एक एमआरआय आणि रक्ततपासण्यांचे बरेच कागद होते. दोन वर्षांपासून त्यांची मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे सारे अंग ठणकत होते. रात्री आठ तास अंथरुणावर पडूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नसे. मागून कोणी हाक मारली तर मान वळत नसे, सारे अंग वळवावे लागे. एकाने 'मणक्यात गॅप आहे' म्हणून गळ्यात पट्टा घातला, दुसऱ्याने कॅल्शियम दिले. घरी सासूबाई म्हणत, 'वेचणीचे दिवस आले की हिचे दुखणे निघते.'

वाचकहो, एक गोष्ट कबूल करतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत अशा कितीतरी भगिनींना 'काही झाले नाही, मन रमवा, टॉनिक घ्या' असे सांगून मीही परत पाठवले आहे. ती माझी चूक होती. त्यांना आजार होता आणि त्या आजाराला नावही होते. ते नाव म्हणजे फायब्रोमायल्जिया.

हा आजार आहे तरी काय?

१९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस', म्हणजे तंतूंची सूज, असे नाव दिले होते. पुढे पाहणी केली तर स्नायूंत सूज सापडेना. म्हणून १९७६ पासून 'फायब्रोमायल्जिया', म्हणजे स्नायू व तंतूंचे दुखणे, हे नाव रूढ होत गेले. १९९० साली अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरवले. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगात दुखणे आणि शरीरावरील ठरावीक १८ जागांपैकी किमान ११ जागा दाबल्यावर दुखणे, असे ते निकष होते. २०१० साली त्यात सुधारणा झाली. आता केवळ जागा दाबून पाहत नाहीत. थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि विसरभोळेपणा यांचाही विचार होतो.

या आजारात स्नायू सडत नाहीत, सांधे झिजत नाहीत. बिघाड होतो तो वेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेत. लाउडस्पीकरचा आवाज कोणी वाढवून ठेवला की साधे बोलणेही कानठळ्या बसवते, तसे येथे होते. इतरांना जो नुसता दाब वाटतो, तो या रुग्णाला कळ होऊन जाणवतो. असा वाढलेला आवाज एक्स-रेत दिसत नाही, रक्तातही सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतात ते यामुळे. बाई खोटे बोलते म्हणून नव्हे.

हा विकार पुरुषांनाही होतो, पण स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्या खेड्यांत अंगदुखी किती आहे याची पाहणी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी शंभरात अठरा जणांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते आणि त्यात स्त्रियांची संख्या जास्त होती. या साऱ्यांना फायब्रोमायल्जिया नव्हता. पण अंगदुखी हे शहरी, सुखवस्तू बायकांचे खूळ आहे ही समजूत मात्र या पाहणीने खोटी ठरवली.

मानच का धरते?

वर सांगितलेल्या १८ जागांपैकी ८ जागा मान आणि खांद्यांच्या आसपास आहेत. त्यात आपल्याकडील कामांची भर पडते. कमरेला ओटी बांधून वाकून कापूस वेचणे, डोक्यावर पाण्याचा गुंड किंवा सरपणाचा भारा नेणे, शिलाई मशीनवर तासन्‌तास मान खाली घालणे, या सर्वांत मानेचे स्नायू ताणलेले राहतात. दुखते म्हणून बाई मान हलवायची टाळते. न हलवल्याने स्नायू आखडतात. आखडल्याने थोडे हलवले तरी जास्त दुखते. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते.

हाताचे उपचार

हे चक्र तोडण्याचा एक मार्ग म्हणजे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या हातचे उपचार. ते साधारण असे असतात. प्रथम पंधरा मिनिटे कोमट शेक देतात. मग रुग्णाला उताणे झोपवून डोक्याच्या मागच्या हाडाखाली बोटे टेकवतात आणि डोक्याचे वजन बोटांवर येऊ देतात. त्यानंतर मान व खांद्यांवरून तळव्याने सावकाश, एकसारखा दाब देत हात फिरवतात. मणक्यांचे सांधे अगदी थोडे, लयीत हलवतात. शेवटी रुग्णाला मान एका बाजूला वळवायला सांगून हाताने हलका विरोध करतात. पाच सेकंदांनी सैल सोडायला सांगतात आणि मान जेवढी सहज पुढे जाईल तेवढीच नेतात.

यात 'गाठी फोडणे' काही नसते. हळुवार स्पर्शाने मज्जासंस्था शांत होते आणि मान हलवली तर काही बिघडत नाही, हे शरीराला पुन्हा पटते. म्हणून या आजारात जोरदार रगडणे वर्ज्य आहे. उपचारानंतर थोडे ठणकले तरी ते दुसऱ्या दिवसापर्यंत शमले पाहिजे. दोन-तीन दिवस अंथरूण धरावे लागले तर दाब जास्त झाला असे समजावे आणि तसे उपचार करणाऱ्यास स्पष्ट सांगावे.

पण हा फायदा टिकतो का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका अभ्यासात रुग्णांना २० आठवडे असे उपचार दिले. वेदना कमी झाली, झोप सुधारली. उपचार थांबल्यानंतर सहा महिन्यांनी मात्र बराचसा फायदा ओसरला होता. याचा अर्थ एवढाच की हातचे उपचार ही सुरुवात आहे. मान मोकळी झाली की ती मोकळीक रोजच्या हालचालीने टिकवावी लागते. २०१७ साली युरोपातील संधिवात तज्ज्ञांनी सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठामपणे शिफारस केली ती फक्त व्यायामाची.

मान मोडून घेऊ नका

कटिंगच्या दुकानात झटका देऊन मान 'कडकन' मोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. काही मालीशवाल्या बायकाही तसे करतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. हा धोका कोणीही पत्करू नये.

पुढील लक्षणे असल्यास मानेला हात लावू देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे : हातापायांत अशक्तपणा किंवा चालताना तोल जाणे, हातातून वस्तू पडणे, ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, पडल्याने झालेली इजा, पूर्वी झालेला क्षयरोग, आमवात किंवा हाडांचा ठिसूळपणा. फायब्रोमायल्जियाचे निदान करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, थायरॉइड अशा मोजक्या तपासण्या करणेही आवश्यक आहे. थायरॉइडच्या कमतरतेतही असेच अंग दुखते.

घरी काय करावे?

१. सकाळी कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर मान सावकाश उजवीकडे व डावीकडे, ताण जाणवेल तेथपर्यंतच वळवावी. प्रत्येक बाजूस पाच वेळा.

२. ताठ बसून हनुवटी सरळ मागे न्यावी, पाच सेकंद थांबावे. पाच वेळा.

३. श्वास घेत दोन्ही खांदे कानांकडे उचलावेत, श्वास सोडत सैल सोडावेत. दहा वेळा.

४. रोज दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पहाटेच चालावे. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारे धुणे काढू नये.

५. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी, उशी एकच व पातळ असावी. १९७५ साली कॅनडातील एका प्रयोगात निरोगी माणसांची गाढ झोप सतत मोडली, तेव्हा काही रात्रींतच त्यांचे अंग असेच दुखू लागले होते. तेव्हा झोप हे येथे औषधच आहे.

६. गळ्यातला पट्टा महिनोन्‌महिने वापरू नये, स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग नाही. पोट व मूत्रपिंडाला मात्र त्रास होतो. नाव नसलेल्या पुड्या तर मुळीच घेऊ नयेत, त्यांत स्टेरॉइड असू शकते. मज्जासंस्था शांत करणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

खर्चाची अडचण असेल तर अमरावतीत इर्विन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करावी. चार-सहा वेळा जाऊन पद्धत शिकून घेतली तरी बरेच काम होते. हलका हात कसा फिरवायचा हे घरच्या एखाद्या व्यक्तीलाही शिकता येते.

घरच्यांना दोन शब्द

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. व्यायामाचे महत्त्व या गावाला मी काय सांगावे! पण घरच्या बाईला रोज अर्धा तास मोकळा मिळतो का, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. 'सोंग करते' हा शब्द घरातून काढून टाकावा. अविश्वासाने ताण वाढतो, ताणाने झोप जाते आणि झोप गेली की वेदना वाढते.

दर्यापूरच्या त्या बाईंच्या सासूबाईंना मी पुढच्या खेपेला सोबत बोलावले आणि हेच सारे समजावून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतरच्या खेपेला बाईंच्या डोक्यावरचा पाण्याचा गुंड उतरला होता. चार महिन्यांनी बाई आल्या तेव्हा मी विचारले, "कसे आहे?"

"दुखते जी थोडं थोडं. पण आता मांगून कोनी हाक मारली त मान वयते."

फायब्रोमायल्जिया मुळापासून घालवणारे औषध आज नाही. मात्र धीराने उपचार केल्यास दुखणे आटोक्यात राहते. तेव्हा भगिनींनो, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून आपले दुखणे खोटे मानू नका आणि डॉक्टरांना ते पुन्हा सांगण्यास संकोचू नका.