वारा आणि वणवा

मुदखेडहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गानें भोकर सोडून किनवटच्या दिशेनें निघालें, म्हणजे प्रथम शेतें व माळ आणि पुढें सागाचीं रानें लागतात. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. दिवाळीनंतर माळावरचें गवत पिवळें पडूं लागतें आणि शिमग्याच्या सुमारास तें इतकें वाळतें कीं, हातांत चुरडल्यास त्याचा भुगा व्हावा. याच दिवसांत रात्रीच्या वेळीं दूरच्या टेकडीवर तांबड्या दिव्यांची माळ ओढल्यासारखी दिसते. दुरून ती सुंदर दिसते. जवळ जाणाऱ्यास ती वणवा आहे हें कळतें.

अग्नीस तीन गोष्टी लागतात: जळण, उष्णता व प्राणवायु. लांकडाचा ओंडका सुकण्यास कित्येक आठवडे जातात. गवताची काडी मात्र बारीक असल्यामुळें, पहाटे दंवानें भिजलेली असली तरी, ऊन व कोरडी हवा मिळतांच सुमारें तासाभरांत वाळते. म्हणून पहाटे जें गवत पेटवितां येत नाहीं, तेंच दुपारीं विडीच्या थोटकानेंहि पेट घेतें.

वाऱ्याचें कार्य तिहेरी आहे. तो प्राणवायु पुरवितो. ज्वाळा पुढें वाकवून समोरचें गवत आधींच तापवितो. आणि ठिणग्या उचलून पलीकडे टाकितो. वाऱ्याबरोबर धांवणारी आग वाऱ्याविरुद्ध सरकणाऱ्या आगीपेक्षां कितीतरी वेगवान असते. चढावरहि आग अशीच झपाट्यानें वर जाते. वाऱ्यानें अकस्मात् दिशा बदलली, तर आगीची लांबलचक कूसच तिचें तोंड होते, व बाजूस सुरक्षित उभा असलेला मनुष्य क्षणांत तिच्या वाटेवर सांपडतो.

हवाई बेटांतील लाहैना या गांवाची कथा या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. तेथें जुन्या मळ्यांच्या पडीक जमिनींत गवत माजलें होतें. ता. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं सकाळीं विजेच्या तुटलेल्या तारांमुळें आग लागली; ती विझली असें समजून लोक परतले. दुपारीं सोसाट्याच्या वाऱ्यानें तीच धुगधुगी पुन्हां पेटली आणि गांव भस्मसात् होऊन शंभरांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं.

आपल्याकडे वणवा बहुधा माणसाच्याच हातून लागतो. कोणी मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळितो, कोणी बांध पेटवितो. गवत जाळल्यानें पुढें चांगलें गवत येतें, अशीहि समजूत आहे. जळलेल्या माळावर कोवळे कोंब लवकर दिसतात हें खरें. परंतु वरचेवर जाळल्यानें मारवेल व पवन्या यांसारखीं उत्तम गवतें मागें पडतात आणि कुसळीचें फावतें. तिचें अणकुचीदार बीं पीळ खात मातींत शिरून ज्वाळांपासून बचावतें. अशा रीतीनें ज्यानें चाऱ्यासाठीं माळ जाळिला, त्याच्याच गुरांच्या तोंडांत शेवटीं कुसळें रुततात. राखीव जंगलांत आग लावणें हा तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें गुन्हाहि आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं कडब्याच्या गंजी आहेत. गंजीभोंवतीं रुंद पट्टा नांगरून मोकळा ठेवावा. वारा सुटला असतां बांध पेटवूं नये, व विझविलेल्या जागीं राख गार होईपर्यंत पहारा ठेवावा. वणवा दिसल्यास प्रथम गांवांतील वडील माणसांस व वनरक्षकास कळवावें. आपण आगीच्या पुढें किंवा चढावर धांवूं नये. बाजूनें निघून नांगरलेलें शेत अथवा पूर्वींच जळून गार झालेली जमीन गांठावी.

वारा कोणाच्या आज्ञेंत नाहीं आणि ऊनहि नाहीं. ठिणगी मात्र आपल्या हातांत आहे. ती जपली, तर माळावरचा चारा, टिटवीचीं अंडीं व गांवचीं घरें पुढील पाऊस पाहतील.