'द एअरेस' : कादंबरी, नाटक आणि चित्रपट

एखादी साहित्यकृती दुसऱ्या माध्यमात गेली की मूळ कृतीशी रूपांतर कितपत प्रामाणिक राहिले, हे मोजण्याकडे समीक्षेचा कल असतो. काय गाळले आणि काय बदलले, याची नोंद अर्थातच आवश्यक आहे; परंतु तो बदल का करावा लागला आणि त्यामुळे कृतीचा अर्थ कोठे सरकला, हे प्रश्न अधिक मोलाचे होत. विल्यम वायलरचा 'द एअरेस' (१९४९) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हेन्री जेम्सची 'वॉशिंग्टन स्क्वेअर' ही लहानशी कादंबरी १८८० साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून रूथ आणि ऑगस्टस गोएट्झ या दांपत्याने रचलेले नाटक १९४७ साली ब्रॉडवेवर आले. ते पाहून अभिनेत्री ऑलिव्हिया द हॅविलंड हिने वायलरला ते सुचविले आणि पटकथाही गोएट्झ दांपत्यानेच लिहिली. कथानक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील न्यूयॉर्कमध्ये घडते. डॉ. स्लोपर यांची एकुलती एक कन्या कॅथरीन लाजरी व अबोल आहे. आईकडून तिला वर्षाला दहा हजार डॉलरचे उत्पन्न मिळते. पित्याच्या पश्चात त्यात आणखी वीस हजारांची भर पडणार आहे. मॉरिस टाउनसेंड हा देखणा, निर्धन तरुण तिला मागणी घालतो. त्याचा डोळा संपत्तीवर आहे, असे निदान डॉक्टर करतात. निदान चुकीचे नाही. परंतु आपल्या मुलीत प्रेम करण्याजोगे काही असूच शकत नाही, या गृहीतावर ते उभे आहे. कथेतील खरे क्रौर्य येथे आहे.

कादंबरीत हे क्रौर्य निवेदकाच्या उपरोधातून झिरपत राहते आणि कॅथरीनच्या मौनामागील मनही निवेदकच वाचकाला दाखवितो. रंगभूमीला असा मध्यस्थ उपलब्ध नाही. तेथे मौनाचे रूपांतर प्रसंगात व्हावे लागते. म्हणून कादंबरीतील मॉरिस सबबी सांगत हळूहळू मागे सरतो, तर नाटकात पळून जाऊन लग्न करण्याची एक रात्र ठरते, कॅथरीन सामान बांधून वाट पाहते आणि तो येतच नाही. पिता आपला तिरस्कार तिच्या तोंडावर बोलून दाखवितो. पुढे मरणासन्न पित्याने बोलावले असता तीही जात नाही.

वायलरने या नाट्यमय संघर्षाला दृश्यभाषा दिली. घरातील जिना हे तिचे मुख्य साधन आहे. फसवणुकीच्या रात्रीनंतर कॅथरीन जड बॅग घेऊन तोच जिना चढते. संवादाविना तिचे वय वाढलेले दिसते. मॉरिसच्या हेतूबद्दलचा संशयही चित्रपट पुरता मिटवीत नाही, कारण माँटगोमेरी क्लिफ्टच्या चेहऱ्यावरील आर्जव सहज खोटे ठरविता येत नाही.

तिन्ही रूपांतला खरा भेद शेवटाकडे लक्ष दिल्यास उमगतो. कादंबरीत सुमारे वीस वर्षांनी मॉरिस परततो. कॅथरीन त्याला शांतपणे नकार देते आणि आपले भरतकाम पुन्हा हाती घेते. तिच्या नकारात सूड नाही. चित्रपटातील कॅथरीन मात्र त्याच्याबरोबर जाण्याचा देखावा करते, पूर्वी पॅरिसमध्ये त्याच्यासाठी घेतलेली माणकांची बटणे त्याला देते आणि भरतकामाचा अखेरचा टाका घालून धागा कापते. तो परत येताच ती दाराला अडसर घालावयास लावते आणि हातात दिवा घेऊन जिना चढू लागते. बाहेर दार ठोठावले जात राहते.

हा विजय म्हणावा काय? प्रेक्षकाला क्षणभर समाधान लाभते. पण जी निष्ठुरता कॅथरीनने पित्याकडून आणि मॉरिसकडून भोगली, तीच आता तिच्या वागण्यात उतरली आहे. मूळ शीर्षक स्थळवाचक होते. नाटककारांनी त्याजागी वारस कन्येचा उल्लेख केला. तिच्या वारशात डॉलरांइतकाच पित्याचा थंडपणाही आला आहे. जेम्सची कॅथरीन एकाकी राहूनही स्वतःपाशी शिल्लक राहते. वायलरची कॅथरीन मुक्त होते, पण ज्यांनी तिला दुखविले त्यांच्यासारखी होऊन. रूपांतराने मूळ अर्थ सोडला खरा; त्याच्या बदल्यात त्याने अन्यायाच्या वारशाचा एक नवा, तितकाच गंभीर प्रश्न उभा केला. कलाकृतीचे स्वतंत्र मूल्य ठरविताना हीच कसोटी अधिक उपयुक्त ठरते.