गोळी एकच, अवयव दोन

भद्रावतीत मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात माजरीची, घोडपेठची मुलं असतात, चंदनखेड्याहून एसटीने येणारीही असतात. घरी माझ्या थोरल्या जाऊबाई स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेतात. वर्गातला धडा आणि घरातली गोळी, दोन्हींचा विषय एकच: हार्मोन जनुक सुरू कसं करतं. हे शिकवताना आणि घरी समजावून सांगताना जे पटत गेलं, ते लिहिते आहे.

१. 'रिसेप्टर डीएनएवर बसतो' इथे धडा संपवू नये.

इस्ट्रोजेनसारखं हार्मोन पेशीत शिरतं, आपल्या रिसेप्टरला चिकटतं, ही जोडी डीएनएवर ठरलेल्या जागी बसते आणि जनुक सुरू होतं. परीक्षेला एवढं पुरतं. पण एका मुलीने विचारलं, "मॅडम, नुसतं बसल्यानं जनुक चालू काहून होते?" अगदी योग्य प्रश्न. रिसेप्टर स्वतः आरएनए बनवत नाही, ते काम आरएनए पॉलिमरेजचं. शिवाय डीएनए मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात आपल्याकडे पानांचे पुडे बांधतात, तो पुडा डोळ्यांपुढे आणा. दोरी सैल केल्याशिवाय मधलं पान निघत नाही, ओढलं तर फाटतं. डीएनएची गुंडाळी सैल करणारे मदतनीस वेगळे आहेत, त्यांना कोअ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात. हार्मोन मिळालं की रिसेप्टर त्यांना जवळ ओढतो. त्यांच्यापैकी सीबीपी आणि पी-३०० ही प्रथिनं हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढवतात, त्यामुळे हिस्टोनची पकड ढिली होते. मीडिएटर नावाचा मोठा प्रथिनसमूह पॉलिमरेजला जागेवर आणून कामाला लावतो. हे सगळं सांगायला तासातला थोडा वेळ जास्त जातो. तो द्यावा.

२. या मदतनिसांचा माग त्यांच्या तुटवड्यातून लागला.

ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते, कारण विज्ञान कसं चालतं ते हिच्यात दिसतं. १९८९ साली फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला पिअर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर भरमसाट वाढवले, तर प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरचं काम मंदावलं. दोघांची हार्मोनं वेगळी, मग एकाची गर्दी दुसऱ्याला का नडावी? दोघांनाही लागणारं तिसरंच काहीतरी पेशीत मोजकं होतं, आणि ते एकानेच अडवून ठेवलं होतं. या 'तिसऱ्या'पैकी एक १९९५ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये बर्ट ओ'मॅली यांच्या गटाला सापडलं. त्याचं नाव एसआरसी-१. पुढे तीन वर्षांनी एसआरसी-१ नसलेले उंदीर तयार केले. ते जगले, त्यांना पिल्लंही झाली, पण हार्मोन देऊनही त्यांचं गर्भाशय पुरेसं वाढेना.

३. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन संपवत नाही, मदतनिसाची जागा अडवतं.

जाऊबाईंच्या बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं. म्हणजे गाठीतल्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत आणि इस्ट्रोजेन मिळालं की त्या पेशी वाढतात. गोळीमुळे अंगातलं इस्ट्रोजेनच नाहीसं होतं, असं त्यांना वाटे. पण ते रक्तात फिरतच असतं. घडतं ते रिसेप्टरच्या आत.

रिसेप्टरच्या हार्मोन धरणाऱ्या भागात बारा पीळ असतात आणि मध्ये एक खळगी. इस्ट्रोजेन खळगीत बसलं की बारावा पीळ तिच्या तोंडावर येऊन बसतो, आणि त्यामुळे बाहेरच्या अंगाला एक उथळ खाच पुरी होते. एसआरसीसारख्या प्रथिनांच्या साखळीत एक छोटा तुकडा असतो: एक ल्युसिन, मग कुठलीही दोन अमिनो आम्लं, मग लागोपाठ दोन ल्युसिन. १९९७ साली हा तुकडा ओळखला गेला. तो त्या खाचेत नेमका बसतो आणि तिथून पुढचं सगळं काम सुरू होतं. टॅमॉक्सिफेनही त्याच खळगीत शिरतं, पण त्याच्या रेणूला एक लांबडी बाजूची साखळी आहे. ती खळगीत मावत नाही, बाहेर येते आणि बाराव्या पिळाला जागेवर बसू देत नाही. मग तो पीळ सरकतो आणि मदतनिसासाठी असलेल्या खाचेतच जाऊन पडतो. १९९८ साली स्फटिकाच्या अभ्यासातून हे प्रत्यक्ष दिसलं. रिसेप्टर असून, गोळीने भरलेला असूनही कोअ‍ॅक्टिव्हेटरला धरायला जागा नाही.

हे चित्र मी वहीच्या मागच्या पानावर काढून जाऊबाईंना दाखवलं, बारावा पीळ लाल पेनने. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे गोळी सोडली का तो पीळ पुन्हा जागेवर येते?" येतो. इस्ट्रोजेन तिथेच वाट पाहत असतं. म्हणून ही गोळी साधारण पाच वर्षं, काहींना दहा वर्षं घ्यायची असते, आणि बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायची नसते.

४. औषधाचा गुण ते कुठल्या पेशीत पोहोचलं यावर ठरतो.

टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला विरोध करतं, गर्भाशयाच्या अस्तरात मात्र काही प्रमाणात इस्ट्रोजेनसारखंच वागतं. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना त्याचा फायदाही होतो. हे मला फार दिवस कोडं वाटे. २००२ साली बॉस्टनच्या शांग आणि ब्राउन यांनी त्याचं एक उत्तर दिलं. त्यांनी अभ्यासलेल्या गर्भाशयाच्या पेशींत एसआरसी-१ भरपूर होतं, स्तनाच्या पेशींत कमी. खाच बंद असली तरी रिसेप्टरचं दुसरं टोक मोकळं असतं, आणि मदतनीस मुबलक असले की काही जनुकं तरीही सुरू होतात. एसआरसी-१ कमी केल्यावर तो परिणाम गेला. उलट बाजूही आहे: एसआरसी-३ या भावंडाचं जनुक काही स्तनकर्करोगांत वाढीव प्रतींत आढळतं.

५. 'छाया' ही याच घराण्यातली गोळी आहे.

आशाताई गावात छाया देतात, आणि 'ही हार्मोनची गोळी आहे का?' हा प्रश्न त्यांना हमखास विचारला जातो. छायात हार्मोन नाही. तिच्यातलं औषध सेंटक्रोमन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलं गेलं. १९९१ साली ते 'सहेली' नावाने बाजारात आलं आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात 'छाया' म्हणून मिळतं. तेही इस्ट्रोजेनच्याच रिसेप्टरवर बसतं, अवयवागणिक वेगळं वागतं, आणि गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजायला तयार होऊ देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. सुरुवातीला पाळी लांबू शकते, हे आधीच सांगितलं तर बाई घाबरून गोळी टाकत नाही. टॅमॉक्सिफेनही १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक म्हणूनच तयार झालं होतं. तिथे ते उपयोगी ठरलं नाही आणि कर्करोगाकडे वळलं.

६. 'हार्मोन बिघडले' एवढ्यावर समाधान मानू नये.

रक्तातलं हार्मोन किती, हा अर्धाच हिशेब. रिसेप्टर किती, मदतनीस कोणते, हे त्या त्या अवयवात पाहावं लागतं. रक्ताच्या रिपोर्टात ते दिसत नाही.

७. हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता सांगते.

आपल्याकडे बायका अंगावरून जाण्याबद्दल घरातही बोलत नाहीत. टॅमॉक्सिफेन सुरू असताना, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर का असेना, तर तिथे गर्भाशयाचं अस्तर वाढत असू शकतं आणि क्वचित त्यात कर्करोगही असतो. लवकर कळला तर तो बहुधा बरा होतो. एका पायाला एकाएकी सूज आली किंवा धाप लागली तरी थांबू नका, या गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि दुखणं लपवूही नका. डाग दिसला तर त्याच आठवड्यात, सूज किंवा धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आपण टॅमॉक्सिफेन घेतो हे पहिल्या वाक्यात सांगा.