कासवाचा पाठ: मुक्त सॉफ्टवेअरला शिक्षकांची गरज कुठे आहे?



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आला आणि तेव्हापासून पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "हे सगळं इंग्रजीत. आपल्या जिल्हा परिषदेच्या पोरांना कसं जमायचं?" प्रश्न रास्त आहे. पण मुलं नेमकी कुठे अडतात ते नीट पाहिलं तर उत्तर वेगळं निघतं.

टर्टल म्हणजे काय?

पायथॉन ही संगणकभाषा मोफत आणि मुक्त आहे. तिच्यासोबत 'टर्टल' नावाची लायब्ररी येते. लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे. ती तयार आज्ञांची पेटी असते, सुताराच्या हत्यारपेटीसारखी. टर्टलमध्ये स्क्रीनवर एक कासव असतं. 'फॉरवर्ड १००' म्हटलं की ते पुढे चालतं, 'लेफ्ट ९०' म्हटलं की डावीकडे वळतं. चालताना मागे रेघ उमटते. ही कल्पना १९६७ मध्ये तयार झालेल्या लोगो या भाषेतून आली. सेमूर पॅपर्ट, वॉली फ्युर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती भाषा मुलांसाठी घडवली होती.

मुलं अडतात ती या आज्ञांच्या शब्दांवर नाही. आठ-दहा इंग्रजी शब्द पोरं दोन दिवसांत पाठ करतात. क्रिकेटचे शब्द त्यांना कुणी शिकवले? अडतं ते 'असं का झालं?' या प्रश्नावर. त्याचं उत्तर लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे वापरायच्या माहितीत असतं. ती माहिती इंग्रजीत आहे, आणि पुष्कळदा ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली आहे.

शब्दकोश आणि धडा यांत फरक आहे

कोणत्याही लायब्ररीच्या माहितीत निदान तीन गोष्टी लागतात. एक, आज्ञांची यादी, म्हणजे शब्दकोश. दोन, पायरीपायरीने शिकवणारा धडा. तीन, डेमो, म्हणजे चालवून दाखवलेला नमुना. नुसता शब्दकोश हातात देऊन आपण मराठी शिकवत नाही. तरी अनेक लायब्रऱ्यांची माहिती शब्दकोशावरच थांबते.

टर्टलच्या अधिकृत पानांतही पूर्वी थोड्या ओळखीनंतर लगेच आज्ञांची लांबलचक यादी सुरू व्हायची. आता तिथे आधी 'सुरुवात करा', मग छोटा धडा, मग 'हे कसं करायचं' आणि त्यानंतर यादी अशी मांडणी आहे. लायब्ररी तीच, पण नवशिक्याला वाट सापडते.

डेमोही पायथॉनसोबतच येतात. 'टर्टलडेमो' उघडलं की डावीकडे कोड आणि उजवीकडे त्याचं चित्र दिसतं. घड्याळ, झाड, हनोईचे मनोरे, ग्रह आणि चंद्र असे नमुने आहेत. त्यांना इंटरनेट लागत नाही. आपल्याकडे रेंज जाते, हे लक्षात घेतलं तर ही मोठी सोय आहे.

आयआयटी मुंबईने काय केलं?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ त्यात असतात. स्क्रीनवरचा मजकूर इंग्रजीच राहतो, बोलणं मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत असतं. विद्यार्थ्याने व्हिडिओ एका बाजूला आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला ठेवायचं, आणि पाहत पाहत करायचं.

त्यांच्या पद्धतीतली एक पायरी आपण उचलण्यासारखी आहे. रेकॉर्डिंगच्या आधी संहिता लिहिली जाते आणि ती विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतली जाते. त्याला ती वाचून जमलं तर संहिता बरोबर. तज्ज्ञाला न दिसणारी अडचण नवशिक्याला दिसते. आणि नवशिक्यांची कमतरता आपल्या वर्गात कधीच नसते!

मुलं कुठे चुकतात, हे आपल्याला माहीत असतं

काही उदाहरणं पाहा.

१. 'लेफ्ट ९०' दिल्यावर कासव डावीकडे सरकेल असं मुलांना वाटतं. ते जागा सोडत नाही, फक्त तोंड वळवतं. तेही स्क्रीनच्या डावीकडे नव्हे, स्वतःच्या डावीकडे.

२. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश, म्हणून मुलं ६० देतात. तीन बाजू काढूनही आकृती उघडीच राहते, अर्धा षटकोन तयार होतो. कारण कासव वळतं ते बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून. भूमितीचा हा धडा इथे डोळ्यांनी दिसतो.

३. 'सर्कल ५०' दिलं की वर्तुळ कासवाभोवती येत नाही. वर्तुळाचा मध्य कासवाच्या डाव्या हाताला असतो.

या गोष्टी मदतीच्या मजकुरात एका ओळीत आल्या तर मूल पुढे सरकतं. ती ओळ नेमकी लिहिता येते ती वर्गात उभं राहणाऱ्यालाच.

आपण काय करू शकतो?

टर्टलमध्ये मदतीचा मजकूर दुसऱ्या भाषेत आणायची सोय मुळातच आहे. अधिकृत पानावर जर्मन आणि इटालियन रूपांतरांचा उल्लेख आहे. 'राइट_डॉकस्ट्रिंगडिक्ट' ही आज्ञा दिली की सगळ्या आज्ञांची मदत एका फाइलमध्ये उतरते. त्यातला समजावणीचा मजकूर तेवढा मराठीत लिहायचा. आज्ञांची नावं आणि कोडच्या ओळी तशाच ठेवायच्या. फाइल युटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची, तिच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर देऊन 'मराठी' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत जोडायचा आणि 'टर्टल.सीएफजी' या फाइलमध्ये लँग्वेजसमोर तोच शब्द लिहायचा. दोन्ही फाइली आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवल्या की मदत मराठीत दिसते.

सगळं एकदम नको. चालणं, वळणं, पेन उचलणं-टेकवणं, रंग, वर्तुळ अशा दहा आज्ञा आधी घ्या. भाषा सांभाळा. 'कासव निर्दिष्ट अंतराने अग्रेषित होते' असं लिहिलं तर ते इंग्रजीपेक्षा अवघड. 'कासवाचं तोंड जिकडे आहे तिकडे ते सांगितलेलं अंतर चालतं' असं लिहिलं की चौथीचं पोरगंही वाचेल.

डेमो आपल्या मातीतले हवेत. पेरणीचे तास घ्या: पुढे २००, डावीकडे ९०, पुढे २०, डावीकडे ९०, परत २००, मग धुऱ्याला उजवीकडे वळण तसंच. पेरणी पाहिलेल्या मुलाला 'लूप' वेगळा समजावावा लागत नाही. रांगोळीसाठी एक चौरस काढायचा, १० अंश वळायचं, असं ३६ वेळा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६०, फेरी पूर्ण.

लिहून झालं की स्पोकन ट्युटोरियलची कसोटी लावा. मजकूर एखाद्या मुलाच्या हाती द्या आणि गप्प बसा. ते जिथे थांबेल ती ओळ पुन्हा लिहा.

पालकांनाही यात काम आहे. घरी संगणक असेल तर मुलाला विचारा, "हे मला समजावून सांग बरं." त्याला सांगता आलं तर त्याला आलं.

मुक्त सॉफ्टवेअर कुणीही वापरावं आणि कुणीही सुधारावं यासाठीच असतं. सुधारणा म्हणजे फक्त कोड लिहिणं नव्हे. समजेल असं समजावणं हीही सुधारणाच, आणि आपण ते रोज करतो. आपल्या तालुक्यातल्या दोघा-तिघा शिक्षकांनी मिळून दहा आज्ञा वाटून घ्या. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या मुलांसाठी लिहिलेला तो मजकूर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी शाळेत चालेल.