दारुहळद, पोटातले जिवाणू आणि डोळ्याचा पडदा



पांडेसऱ्यात आपल्या पुष्कळ घरांत कुणा ना कुणाला शुगर आहे, त्यामुळे दारुहळदीची विचारणा सारखी होते. ही स्वयंपाकातली हळद नव्हे, डोंगरातलं काटेरी झुडूप. तिच्या काढ्यापासून रसांजन करतात. आयुर्वेदात ते डोळ्यांसाठी सांगितलंय. तिच्यातला पिवळा घटक म्हणजे बर्बेरीन. गंमत अशी, की तो आतड्यातून रक्तात फारच थोडा जातो. तिथले जिवाणू आधी त्याचं रूप बदलतात, मग तो शोषला जातो. चीनमधल्या 2020 च्या अभ्यासात बर्बेरीनने मधुमेहींची साखर उतरली, आणि जिवाणूंचं पित्तावरचं कामही बदललेलं दिसलं. जुने वैद्य आधी पोट विचारायचे, ते उगाच नाही!

आता डोळा. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात अशा रुग्णांच्या पोटात सूज आवरणारे जिवाणू कमी आढळले. ते कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. 2018 मध्ये मधुमेही उंदरांना एक दिवसाआड उपाशी ठेवलं, तर जिवाणू बदलले आणि पडदा वाचला. साखर मात्र होती तेवढीच.

हे वाचून कुणी गुरुवार निरंकार धरू नका. उंदीर गोळ्या घेत नव्हते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. उपवासाआधी डोस डॉक्टरांना विचारा. आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तो शुगरवाल्यांचा फराळ नाही. जिवाणूंना चोथा लागतो: आपली खान्देशी कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, अख्खे मूग.

काढा वैद्यांना विचारूनच, चालू गोळी बंद न करता. घरी केलेलं रसांजन डोळ्यात अजिबात घालू नका.

पडदा खराब होताना दुखत नाही, सुरुवातीला दिसायलाही नीट दिसतं. म्हणून साखर ताब्यात असली तरी वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासायचा. मजुरा गेटच्या न्यू सिव्हिलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे. थेंबानंतर काही तास धूसर दिसतं. मिलची पाळी नसेल तो दिवस धरा, गाडी चालवू नका, घरातलं कुणीतरी सोबत न्या.