युरोपातील रेल्वे पास आणि निवासदेशाची मर्यादा

आपल्या निवासी शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काहीजण आज परदेश शिष्यवृत्तीच्या आधाराने, तर काही शैक्षणिक कर्ज काढून युरोपात शिकत आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम मोजकी असते आणि सुट्टी लागताच शेजारचे देश पाहण्याची ओढ मात्र मोठी असते. अशा वेळी आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे एक प्रश्न हमखास येतो : रेल्वेचा एकच पास काढला की सारा युरोप फिरता येतो म्हणतात, ते खरे काय? ते खरे आहे. परंतु त्या ‘साऱ्या युरोपा’तून एक देश जवळजवळ वगळलेला असतो, आणि नेमका तोच आपल्या राहण्याचा देश असतो. ही अट ठाऊक नसल्याने पैसे वाया गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आली, म्हणून हे टिपण.

प्रथम पासांची ओळख करून घेऊ. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ साली ‘युरेल’ पास सुरू झाला. युरोपातच राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’ १९७२ साली आला. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण होत होती आणि त्या निमित्ताने २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांना २१ देशांत फिरता येईल असे हे तिकीट काढण्यात आले. पुढे वयाची अट गेली. आज दोन्ही पासांचा ‘ग्लोबल’ प्रकार ३३ देशांत चालतो आणि २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशाला तो सवलतीत मिळतो. गाड्या त्याच, डबे तेच. भेद आहे तो पासधारक कोठे राहतो याचा.

येथे पहिली चूक होते. पासपोर्ट भारताचा आहे म्हणून आपल्याला युरेल पासच घ्यावयाचा, असे अनेकांना वाटते. परंतु पासपोर्ट भारतीय असला तरी ज्याचे अधिकृत वास्तव्य जर्मनीत आहे त्याने इंटररेल पासच घेतला पाहिजे. त्याच्या पासवर निवासाचा देश म्हणून जर्मनीची नोंद होते, आणि तपासनीसाने विचारल्यास पासपोर्टसोबत निवास परवानाही दाखवावा लागतो. मराठीत आपण ‘मायदेश’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात गाव, घर, आईवडील उभे राहतात. रेल्वेच्या लेखी असलेला ‘घरचा देश’ म्हणजे मात्र सध्या जेथे भाड्याची खोली आहे तो देश. म्हणून या लेखात आम्ही मायदेश हा शब्द टाळून ‘निवासदेश’ असे म्हणतो.

आता मूळ नियमाकडे येऊ. इंटररेलच्या ग्लोबल पासवर निवासदेशात एकदा बाहेर पडण्याचा आणि एकदा परत येण्याचा, असे दोनच प्रवास करता येतात. बाहेर पडताना देशातील कोणत्याही ठिकाणाहून सीमेपर्यंत, विमानतळापर्यंत किंवा बंदरापर्यंत जाता येते. वाटेत कितीही गाड्या बदलल्या तरी चालते, मात्र हे सारे एकाच दिवसात झाले पाहिजे. परतीचेही तसेच. पूर्वी तर एवढेही नव्हते. निवासदेशात पास चालतच नसे, फार तर तिकिटात सवलत मिळे. जाण्यायेण्याची ही सोय गेल्या दशकातली आहे. एकाच देशापुरता मिळणारा इंटररेल पास तर स्वतःच्या निवासदेशासाठी घेताच येत नाही. इटलीत शिकणाऱ्याला इटलीचा पास मिळणार नाही.

‘दिवस’ या शब्दाचा अर्थही नेमका समजून घ्यावा. एका महिन्यात कोणतेही ४, ५ किंवा ७ दिवस प्रवास करता येईल असे पास असतात. प्रवासाचा दिवस मध्यरात्री सुरू होऊन पुढच्या मध्यरात्री संपतो. निवासदेशातून निघण्याचा आणि परतण्याचा दिवस या मोजलेल्या दिवसांतूनच खर्च होतो. तो वर फुकट मिळत नाही.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. हायडेलबर्गला राहणारा विद्यार्थी सकाळी निघून बर्लिनला उतरला आणि त्याच दिवशी पुढची गाडी पकडून प्रागला गेला, तर सगळा प्रवास पासात बसतो. परंतु बर्लिन पाहण्यासाठी तो तेथे दोन रात्री राहिला, तर बाहेर पडण्याचा हक्क पहिल्याच दिवशी वापरला गेला. बर्लिनहून झेकच्या सीमेपर्यंतचे तिकीट त्याला वेगळे काढावे लागेल. शहाणा विद्यार्थी हे उलट करतो. बर्लिनपर्यंत आधी बेत आखून स्वस्तातले साधे तिकीट घेतो आणि पास बर्लिनहून सुरू करतो.

याहून फसवा प्रकार वाटेत लागणाऱ्या निवासदेशाचा. जर्मनी युरोपच्या मधोमध आहे. कोपनहेगन पाहून झुरिकला निघालेल्या प्रवाशाला रेल्वेने जर्मनीतूनच जावे लागते. तो तेथे कोठेही मुक्काम न करता केवळ खिडकीतून जर्मनी पाहत गेला, तरी तो निवासदेशातील प्रवासच ठरतो. बाहेर पडण्याचा हक्क आधी वापरलेला असेल तर या वाटेत परतीचाही खर्ची पडतो, आणि शेवटी खोलीवर परतताना सीमेपासून पुढचे तिकीट खिशातून काढावे लागते. म्हणून जर्मनीत राहणाऱ्याने उत्तरेचे देश एका सुट्टीत आणि दक्षिणेचे दुसऱ्या सुट्टीत पाहावेत, असे आम्ही सुचवतो. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण त्याचा देश कोणाच्याच वाटेत नाही.

असा नियम का, असे पालक विचारतात. रोज कामाला जाणारी, पूर्ण भाड्याचे तिकीट किंवा मासिक पास काढणारी स्थानिक जनता हा कोणत्याही रेल्वेच्या उत्पन्नाचा कणा असतो. तिनेच सवलतीचा पास काढून देशांतर्गत प्रवास सुरू केला तर ते उत्पन्न आटेल. पाहुण्याला मात्र सवलत देऊन बोलावण्यात लाभ असतो. आपल्याकडेही परदेशी पर्यटकांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठी ‘इंडरेल’ पास होता, आता तो बंद झाला. तो आपल्या-तुपल्याला मिळत नसे, याचे कारणही हेच असावे.

पालक भेटीला येतात तेव्हा ही विभागणी एकाच कुटुंबातून जाते. आमच्या एका वर्गमैत्रिणीचे आईवडील नागपूरहून हायडेलबर्गला गेले. त्यांच्या प्रवास एजंटाने तिघांसाठी युरेलचेच पास काढून ठेवले होते, आणि मुलीच्या पासवरही निवासाचा देश भारत असा टाकला होता. निघण्याच्या दोन दिवस आधी तिने अटी वाचल्या तेव्हा ही चूक उमगली. तो पास सुरू केलेला नव्हता म्हणून परत करता आला, तरी काही रक्कम कापली गेलीच. तसाच वापरला असता तर तपासणीत तो अवैध ठरून दंडासह भाडे भरण्याची वेळ आली असती, आणि परदेशातील विद्यार्थ्याला तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

मग त्यांनी बेत नव्याने मांडला. हायडेलबर्ग ते म्युनिक, म्युनिक ते व्हिएन्ना, व्हिएन्ना ते व्हेनिस, व्हेनिस ते झुरिक आणि झुरिक ते फ्रँकफर्ट असे पाच दिवसांचे प्रवास ठरले. आईवडिलांनी ५ दिवसांचे युरेल पास ठेवले. त्यांना जर्मनीतही मोकळीक होती. मुलीने ४ दिवसांचा इंटररेल घेतला. म्युनिकहून निघणे हा तिचा बाहेर पडण्याचा दिवस आणि झुरिकहून येणे हा परतीचा. इटलीच्या वेगवान गाड्यांप्रमाणे काही गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे शुल्क वेगळे लागते, ते मात्र तिघांनीही भरले. राहिला हायडेलबर्ग ते म्युनिक हा पहिला टप्पा. जर्मनीत मे २०२३ पासून देशभर चालणारे मासिक तिकीट मिळते. आरंभी ते ४९ युरोंचे होते, पुढे महागले. ते केवळ प्रादेशिक गाड्यांत चालते, वेगवान गाड्यांत नाही. मुलीकडे ते होतेच. आईवडिलांना वेगवान गाडीने तीन तासांत जाता आले असते, परंतु त्यांचा पास मंदगती गाड्यांतही चालत असल्याने तिघे मिळून गाड्या बदलत सावकाश गेले. शेवटी फ्रँकफर्टला आईवडिलांना विमानात बसवून मुलगी हायडेलबर्गला परतली, तीही त्या मासिक तिकिटावरच.